जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराज : दुष्काळातून आनंदाकडे

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

भाविकहो, देवदर्शनास येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काहीतरी मागणे असते. कोणास आजारातून सुटका हवी असते, कोणाचा धंदा बसलेला असतो, कोणाच्या घरात नुकतेच दुःख घडून गेलेले असते. देवाजवळ मागणे यात काहीही वावगे नाही. परंतु मागितलेले मिळाले नाही, उलट जवळचेही गेले, तर देवावरील विश्वासाचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक भाविकास आयुष्यात केव्हा ना केव्हा पडतोच. या प्रश्नाचे उत्तर देहूच्या एका वाण्याने आपल्या आयुष्याने दिले. म्हणून पुस्तिकेच्या या भागात श्री संत तुकाराम महाराजांचे संक्षिप्त चरित्र देत आहोत.

घराणे आणि बालपण

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. महाराजांचा जन्म तेथे इ.स. १६०८ च्या सुमारास मोरे घराण्यात झाला, असे सामान्यतः मानले जाते. वडिलांचे नाव बोल्होबा व मातोश्रींचे नाव कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घराण्यात पंढरीची वारी पूर्वापार चालत आलेली होती. मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांना दृष्टांत झाला व देहूच्या आंबराईत त्यांना विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या, त्यांची त्यांनी स्थापना केली, अशी परंपरागत कथा आहे. म्हणजे देव या घराण्यात नात्यातल्या वडीलधाऱ्यासारखाच होता.

घर सुखवस्तू होते. पेठेची महाजनकी, दुकानदारी, शेती व सावकारी असा चौफेर व्यवहार होता. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्याने तुकाराम महाराजांवर लहान वयातच दुकानाचा भार आला. त्यांचे दोन विवाह झाले. पहिल्या पत्नी रखमाबाई यांना दम्याचा विकार होता. दुसऱ्या पत्नी जिजाबाई, ज्यांना आवली असेही म्हणत, त्या पुण्याच्या गुळवे घराण्यातील. वयाच्या सोळा-सतरा वर्षांपर्यंत महाराजांना कशाचीही ददात नव्हती.

संकटांची मालिका

पुढे मात्र एकामागून एक आघात झाले. महाराज सतरा वर्षांचे असताना आईवडिलांचे छत्र हरपले. पाठोपाठ वहिनींचे निधन झाले आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. प्रपंचाचा सारा भार एका कोवळ्या तरुणावर पडला. व्यापारात खोट येऊ लागली. उधारी वसूल होईना, बैल दगावले, आणि अखेर दिवाळे निघाले. काल ज्यांची पत मोठी होती, त्यांना आज दारात येणारी माणसे टाळू लागली.

अशातच इ.स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पाऊस नाही, पेरणी नाही, चारा नाही. माणसे व जनावरे अन्नावाचून तडफडून मेली, गावेच्या गावे ओस पडली. त्या दुष्काळात रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. मुलगा संतोबा याचाही अंत झाला. ज्या घरातून एके काळी गावास धान्य व पैसा उधार मिळे, त्या घरातील गृहलक्ष्मीस घासभर अन्न मिळू नये, याहून मोठा उपहास तो कोणता! महाराजांनी हे सारे पुढे आपल्या अभंगांतून स्वतःच सांगितले आहे. त्यात स्वतःची लाज, दुःख व लोकांत झालेली फजिती त्यांनी कोठेही झाकून ठेवलेली नाही, हे विशेष होय.

भामचंद्राचा डोंगर

अशा प्रसंगी माणूस एकतर देवाला दूषण देतो अथवा दैवाला दोष देत खचून जातो. महाराजांनी तिसरा मार्ग धरला. ज्याच्याविषयी तक्रार करावी, त्याच्याच दाराशी ते जाऊन बसले. चाकणच्या बाजूस असलेल्या भामचंद्राच्या डोंगरावर त्यांनी एकांतात नामस्मरण आरंभिले. तेथे पंधरा दिवसांनी त्यांना साक्षात्कार झाला अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. धाकटे बंधू कान्होबा शोध घेत तेथे पोहोचले व त्यांना घेऊन इंद्रायणीकाठी आले.

त्या काठावर जे घडले ते महाराजांच्या चरित्रातील मोलाचे पान आहे. सावकारीची खतपत्रे त्यांनी मागवून घेतली. त्यांचे दोन समान वाटे केले. एक वाटा कान्होबांना दिला, कारण बंधूंचा संसार होता व त्यांच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही हे ते जाणत होते. आपल्या वाट्याची खते मात्र त्यांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. दुष्काळाने पिचलेल्या कित्येक कुळांच्या डोक्यावरील कर्ज त्या एका क्षणात उतरले.

येथे भाविकांनी थोडे थांबून विचार करावा. त्या वेळी महाराज काही संपन्न नव्हते. दिवाळे निघालेल्या माणसाला येणे असलेला पैसा म्हणजे बुडत्याला काडीचा आधार. तो आधार त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला. आपला सांभाळ करणारा समर्थ आहे ही खात्री मनात पक्की झाल्यावाचून असे घडत नाही. देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळून स्वस्थ बसणे नव्हे. ज्या भीतीपोटी आपण दुसऱ्याचा गळा आवळून धरतो, ती भीती सोडणे, हाच त्याचा अर्थ.

जीर्णोद्धार : मंदिराचा आणि मनाचा

यानंतर महाराजांनी पहिले काम हाती घेतले ते पूर्वजांच्या विठ्ठल मंदिराच्या जीर्णोद्धाराचे. मंदिर मोडकळीस आले होते. त्यांनी स्वतः कष्ट करून ते पुन्हा उभे केले. एकादशीस हरिकीर्तन सुरू केले. आरंभी त्यांचे मन अभ्यासात रमत नसे, परंतु त्यांनी संतांची वचने आदराने पाठ केली. भंडारा डोंगरावर बसून ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत व नामदेवरायांचे अभंग यांचे परिशीलन केले. कीर्तनात पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. पडेल ते परोपकाराचे काम केले. ज्या मनात दुःखाचे ढिगारे साचले होते, ते मन असे एकेक दगड रचीत नव्याने उभे राहिले.

माघ शुद्ध दशमी, गुरुवार, या दिवशी त्यांना स्वप्नात बाबाजी चैतन्य यांचा अनुग्रह झाला. गुरूंनी मस्तकी हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी आपली परंपरा सांगितली आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. पुढे नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले व कवित्व करण्याची आज्ञा झाली. तेव्हापासून जी अभंगवाणी प्रकट झाली, ती आज साडेचार हजारांच्या आसपास अभंगांच्या गाथेच्या रूपाने मराठी माणसाच्या घराघरात आहे.

जिजाबाई

या चरित्रात जिजाबाईंचे स्मरण न करणे अन्यायाचे होईल. पती डोंगरावर नामस्मरणात, घरात मुले, कोठीत धान्य नाही, अशा स्थितीत संसार त्यांनी रेटला. त्यांची जीभ तिखट होती असे सांगतात. परंतु पतीला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवायचे नाही हा त्यांचा नेम होता, आणि त्यासाठी भाकरी घेऊन त्या भंडाऱ्याचा चढ चढत, असेही परंपरा सांगते. एकदा महाराजांना कोणी उसाची मोळी दिली. वाटेत मुलांना वाटता वाटता घरी एकच ऊस पोहोचला. संतापलेल्या जिजाबाईंनी तो त्यांच्या पाठीवर मारला, त्याचे दोन तुकडे झाले, आणि देवाने दोघांना सारखा वाटा दिला म्हणून महाराज प्रसन्नपणे हसले, अशी आख्यायिका आहे. घरची गरिबी सरली नव्हती. बदलले होते ते मन. विठ्ठल हा त्यांच्या लेखी माउली होता, आणि आईच्या कडेवर बसलेले मूल उद्याच्या भाकरीची काळजी करीत नाही.

वह्यांची कसोटी

आनंद गवसल्यावर संकटे थांबली असे मात्र नाही. शूद्र म्हणून गणल्या गेलेल्या घरातील माणसाने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा, हे काहींना रुचले नाही. वाघोलीचे रामेश्वरभट्ट यांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. याच इंद्रायणीत महाराजांनी पूर्वी खतपत्रे सोडली होती. ती सोडताना मन हलके झाले होते. या वेळी जणू प्राणच डोहात टाकावा लागला. महाराज नदीकाठच्या शिळेवर अन्नपाण्यावाचून तेरा दिवस बसून राहिले. त्यानंतर वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पुढे रामेश्वरभट्टांचे मन पालटले व ते महाराजांचे शिष्य झाले. मंदिरोमंदिरी म्हटली जाणारी तुकाराम महाराजांची आरती त्यांचीच रचना मानली जाते. विरोधकाचा असा भक्त होणे, हा वह्या तरण्याइतकाच मोठा चमत्कार म्हणावा लागेल. ज्या शिळेवर महाराज बसले, ती देहूस आजही भाविक वंदन करतात. तेथील शिळा मंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी झाले.

महाराजांभोवती जमलेल्या मंडळींत सर्व थरांतील माणसे होती. संताजी जगनाडे हे तेल्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ व गंगाराम मवाळ हे अभंग लिहून घेत. शिऊरच्या संत बहिणाबाई घरच्यांचा विरोध सोसून त्यांच्या शिष्या झाल्या. छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा त्यांनी आदरपूर्वक परत केला असे परंपरा सांगते. ज्यांनी हातचे सोडले, त्यांना आलेले नाकारणे जड गेले नाही.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, म्हणजे इ.स. १६५० मध्ये महाराजांचे वैकुंठगमन झाले. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. त्यांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी इ.स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून पालखीचे प्रस्थान होते व आषाढी एकादशीस लाखो वारकरी पंढरीस पोहोचतात.

भाविकांसाठी बोध

तुकाराम महाराजांना गेलेले धन परत मिळाले नाही. रखमाबाई व संतोबा परत आले नाहीत. जे मिळाले ते निराळेच होते. दुःखाकडे पाठ न फिरविता, त्या दुःखासह देवाच्या पायाशी बसण्याचे बळ त्यांना मिळाले, आणि त्या बळातून असा आनंद उपजला की त्यावर आज पावणेचारशे वर्षे महाराष्ट्र नांदत आहे. दर्शनास येताना आपण जी चिंता बरोबर आणली असेल, ती निःसंकोच देवापुढे ठेवावी. सांगण्यात काही लपवू नये. महाराजांनीही लपविले नाही. जाताना मात्र आपल्या मुठीतले एखादे खतपत्र, मग ते पैशाचे येणे असो, जुना राग असो वा मनातील अढी असो, सोडता आले तर पाहावे.

देणगीदार बंधुभगिनींनाही एक नम्र निवेदन. दान हे पेटीत टाकलेल्या रकमेवर मोजले जात नाही. अन्नदानास दिलेल्या मूठभर तांदळामागे एखाद्या भुकेल्या घराचे स्मरण असेल, तर त्या दानास दुष्काळात गेलेल्या रखमाबाईंचेही आशीर्वाद लाभतील. आपणा सर्वांस श्रीविठ्ठल सुखरूप ठेवो व आपली वाट आनंदाची होवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ रामकृष्णहरी ॥