आधी खरी गाडी, मग खेळण्यातली : ‘बिग डॅडी’ रॉथची उलटी गोष्ट

कार कंपनीत नवी गाडी आधी कागदावर उतरते, मग तिचं छोटं मॉडेल होतं आणि त्यानंतर ती पूर्ण आकारात येते. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये वाहन डिझाइन शिकणाऱ्या पोरांना हा क्रम काही नवा नाही. पण अमेरिकेत एक गडी असा होऊन गेला, ज्याने हा क्रमच उलटा केला.

त्याचं नाव एड रॉथ. जन्म ४ मार्च १९३२, कॅलिफोर्नियातला. वडील जर्मनीहून आलेले, सुतारकाम करणारे. हवाई दलातली नोकरी संपल्यावर रॉथ सिअर्सच्या दुकानात सजावटीचं काम करू लागला. संसार मोठा, पाच मुलगे. त्यामुळे नोकरीनंतर तो लोकांच्या गाड्यांवर ब्रशने बारीक रंगीत रेषा ओढून द्यायचा. याला पिनस्ट्रायपिंग म्हणतात. जोडीला टी-शर्टवर डोळे बाहेर आलेले राक्षस रंगवणं सुरू होतं. मिकी माऊसला उत्तर म्हणून त्याने काढलेला किळसवाणा उंदीर ‘रॅट फिंक’ याच टी-शर्टांवरून गाजला.

टी-शर्टच्या पैशातून त्याने गाड्या बांधायला घेतल्या. त्या काळी कस्टम गाडी म्हणजे कंपनीच्या गाडीचा पत्रा कापून, ठोकून बदललेली गाडी. रॉथने पत्रा सोडून फायबरग्लास धरला. चासीवर प्लास्टरचा ढीग रचायचा, त्याला हवा तो आकार द्यायचा, वरून काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन चढवायचं आणि सुकलं की आतलं प्लास्टर फोडून काढायचं. वेल्डिंगच्या दुकानापेक्षा गणपतीच्या कारखान्याशी जास्त नातं सांगणारं काम! अशी १९५९ मध्ये ‘आउटलॉ’ झाली. पुढची ‘बीटनिक बँडिट’ तर स्टिअरिंगशिवाय, एकाच दांडीवर चालणारी. तिला छप्पर होतं फुगवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बुडबुड्याचं.

आता यात मॉडेल किट कुठून आलं?

तेव्हा अमेरिकेत प्लॅस्टिक किटची लाट होती. एका फ्रेमला जोडलेले सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. एएमटी कंपनीने १९५८ मध्ये एकाच डब्यात तीन प्रकारे जोडता येणारी गाडी आणली होती : जशीच्या तशी, कस्टम किंवा रेसिंगची. पोरं तेवढ्यावर थांबणार थोडीच? एका किटचं इंजिन दुसऱ्याच्या बॉनेटखाली जायचं, छप्पर कापून खाली यायचं, फटी पुटीने बुजायच्या.

रेव्हेल कंपनीने हे हेरलं आणि १९६२ मध्ये ‘आउटलॉ’चं किट बाजारात आणलं. ‘बिग डॅडी’ हे टोपणनावही रेव्हेलच्या प्रसिद्धीवाल्यांचंच. रॉथला एका किटमागे एक सेंट मिळायचा. वाचायला चिल्लर वाटते, पण १९६३ या एका वर्षात त्याचे ३२ हजार डॉलर झाले. म्हणजे सुमारे ३२ लाख डबे! खरी गाडी कधीच परवडणार नाही, अशा पोरांच्या टेबलावर ती पोचली होती.

मग घसरण लागली. रॉथ बाइकर टोळ्यांच्या जवळ गेला, चॉपर बाइकवर मासिक काढू लागला. मुलांसाठी खेळणी विकणाऱ्या रेव्हेलला ही संगत परवडणारी नव्हती. करार संपला. १९७० च्या सुमारास त्याने उरलेल्या गाड्या कवडीमोलाने विकल्या आणि बोर्ड रंगवायची नोकरी धरली. १९७४ मध्ये तो मॉर्मन पंथात गेला. पुढे युटा राज्यातल्या मँटी गावी राहायला गेला आणि तिथेच ४ एप्रिल २००१ रोजी वारला.

गाड्यांचं काय झालं? ‘बीटनिक बँडिट’ रेनोच्या संग्रहालयात सुखरूप आहे. ‘ऑर्बिट्रॉन’ बरीच वर्षं गायब होती, ती २००७ मध्ये मेक्सिकोच्या हुआरेझ शहरात मोडक्या अवस्थेत सापडली. फोर्डची दोन इंजिनं बसवलेल्या ‘मिस्टेरियन’ला मात्र ते वजन पेललं नाही. चासीला तडे गेले आणि शेवटी तिचे सुटे भाग झाले. चाहत्यांनी पुढे ती पुन्हा बांधायची ठरवली, तेव्हा मापं घ्यायला मूळ गाडीच नव्हती. जुने फोटो होते आणि रेव्हेलचं १/२५ मापाचं किट होतं. त्यांच्याच आधारे ‘मिस्टेरियन’ पुन्हा पूर्ण आकारात उभी राहिली.