छात्रालयाच्या भिंतीवरून ‘साधने’पर्यंत

‘श्यामची आई’चे लेखक म्हणून साने गुरुजी घराघरांत पोहोचले, त्यांच्यातील पत्रकाराची जडणघडण मात्र अमळनेरच्या एका विद्यार्थी वसतिगृहात झाली, हे फारसे सांगितले जात नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तेथील शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या झाडणे, आजारपणात उशाशी बसणे, ही कामे ते न सांगता करीत. याच मायेतून ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक जन्माला आले. ना छापखाना, ना वर्गणीदार. गुरुजींच्या हाताने लिहिलेला मजकूर आणि तो उत्सुकतेने वाचणारी मुले, एवढाच त्याचा संसार. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे आणि वागणुकीचे चार शब्द त्यातून मुलांपर्यंत पोहोचत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले आणि भिंतीआडचा हा संवाद गावाबाहेर गेला.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली. मुलांना स्वातंत्र्याचे धडे द्यायचे आणि आपण मात्र नोकरीत सुरक्षित राहायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. जिवापाड जपलेले छात्रालय सोडून त्यांनी राजीनामा दिला आणि कारावास पत्करला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी टिपून घेतली. रोज पहाटे मुलांसाठी झिजलेल्या त्या लेखणीमुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला लाभला. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली.

१९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले. खानदेशातील शेतकरी आणि गिरणी कामगार यांची दुःखे त्यात उमटू लागली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू झाले. वाचक बदलले, पण समोर एखादा विद्यार्थी बसला आहे अशा जिव्हाळ्याने लिहिण्याची रीत तीच राहिली.

स्वातंत्र्यानंतरच्या परिस्थितीने व्यथित झालेल्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. ‘साधना’ आजही पुण्याहून प्रसिद्ध होते. वसतिगृहातील मूठभर मुलांसाठी हाताने लिहिलेल्या त्या दैनिकाचे ऋण मराठी पत्रसृष्टीवर आहे, याचे विस्मरण खानदेशाला तरी होऊ नये.