गोरोबाकाकांचे थापटणे

मी कुंभाराच्या घरचा. वैनगंगेकाठची माती तुडवून बाबांनी आम्हा भावंडांना वाढवले. त्यामुळे संत गोरा कुंभारांची कथा मी प्रथम ऐकली ती पुस्तकात नव्हे, चाकाशेजारी.

गोरोबाकाका धाराशिव जिल्ह्यातील तेर गावचे. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहनकाळी रोमशी व्यापार करणारी पेठ. तेथे सापडलेल्या मृण्मूर्ती नि भांडी आज गावच्या संग्रहालयात आहेत. परंपरेनुसार काकांचा जन्म १२६७ चा व समाधी १३१७ ची. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे काका.

विठ्ठलनामात डोळे मिटून चिखल तुडवताना त्यांचे रांगते मूल पायाखाली आले नि त्यांना कळलेही नाही, अशी कथा आहे. कीर्तनकार येथे तल्लीनतेचा महिमा सांगतात. मला मात्र ही कथा ऐकवत नसे. चिखलातला एवढासा खडाही बाबांच्या तळपायाला कळे. मग मूल कसे कळले नाही? मी आईला विचारले. ती काही बोलली नाही. धाकट्याला उचलून चिखलापासून दूर नेऊन बसवले. पुढे पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात मूल परत मिळाले, असे कथा सांगते. संतीने मधले दिवस कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरी कथा थापटण्याची. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले. नामदेव रागावले, म्हणून ते कच्चे ठरले. तेथून ते विसोबा खेचरांकडे गेले व गुरूचे शिष्य झाले.

वाचकहो, येथे कुंभाराच्या पोराला एक गोष्ट ठाऊक असते. भाजलेले मडके आम्ही बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. थापटणे चालते ते कच्च्या मडक्यावर. आतून दगडी गोळ्याचा आधार द्यायचा, बाहेरून हलके ठोकायचे, म्हणजे मडके फुगते, आकार घेते. आतला हात सुटला की ते फुटते.

म्हणून कच्चे ठरणे हा मला अपमान वाटत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी नापास झालो, तेव्हा शिक्षण सोडून चाकावर बसायला निघालो होतो. बाबांनी अडवले नाही. फक्त एक ओले मडके माझ्या हाती देऊन आत हात घालायला लावला.

मी अजून कच्चाच आहे. आव्यात जायला वेळ आहे.