एडविन लिंक

एडविन आल्बर्ट लिंक (२६ जुलै, १९०४ – ७ सप्टेंबर, १९८१) हे अमेरिकन संशोधक, वैमानिक व उद्योजक होते. वैमानिकांना जमिनीवरच उपकरणांच्या आधारे उड्डाण शिकवणाऱ्या ‘लिंक ट्रेनर’ या यंत्राचे ते जनक होत. ढगांत किंवा धुक्यात बाहेरचे काहीही दिसत नसताना केवळ उपकरणे व रेडिओ संकेत यांवर विसंबून विमान धावपट्टीपर्यंत आणण्याच्या पद्धतीला इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच म्हणतात. या पद्धतीचा जो सराव आज घरच्या संगणकावर केला जातो, त्याचे मूळ लिंक यांच्या यंत्रात आहे.

सुरुवातीचे जीवन

लिंक यांचा जन्म इंडियाना राज्यातील हंटिंग्टन येथे झाला. १९१० मध्ये त्यांचे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे आले. तेथे वडिलांचा स्वयंचलित पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता आणि एडविन यांचे यंत्रशिक्षण तेथेच झाले. १९२० मध्ये त्यांनी ५० डॉलर देऊन उड्डाणाचा पहिला धडा घेतला. मात्र शिक्षकाने त्यांना नियंत्रणांना हातही लावू दिला नाही. कमी खर्चात उड्डाण शिकता यावे, हा विचार पुढे त्यांच्या संशोधनामागे राहिला. १९३१ मध्ये त्यांचा विवाह मॅरियन क्लेटन यांच्याशी झाला.

लिंक ट्रेनर

१९२७ ते १९२९ या काळात लिंक यांनी वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात हे यंत्र तयार केले. संगीत नाटकांतील पायपेटी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना त्याची रचना सहज समजेल. पेटीत भात्याच्या हवेने सूर निघतात. लिंक यांनी ऑर्गनचे तेच भाते आणि हवेचे पंप लाकडी विमानाच्या छोट्या प्रतिकृतीखाली बसवले. आतील दांडी हलवताच प्रतिकृती खऱ्या विमानाप्रमाणे कलत, वळत व डोलत असे. १९३१ मध्ये या यंत्राला पेटंट मिळाले. जमिनीवर उड्डाण शिकवण्याचे प्रयोग त्यापूर्वी फ्रान्समध्येही झाले होते, परंतु ते फारसे पुढे गेले नाहीत. लिंक यांच्या यंत्राकडेही विमानक्षेत्राने आरंभी पाठ फिरवली आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक करमणुकीची उद्याने ठरली.

टपालसेवेतील अपघात

त्या काळी हवामान बिघडले की वैमानिकापुढे फारसे पर्याय नसत. भारतात ऑक्टोबर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस हवाई टपाल आणले, तेव्हा जुहूचे मैदान पावसाळ्यात निरुपयोगी होत असल्याने ही सेवा त्या दिवसांत पुण्याहून चालवावी लागे. अमेरिकेत फेब्रुवारी १९३४ मध्ये टपाल वाहण्याचे काम लष्कराच्या हवाई दलाकडे आले. हिवाळी वादळे व धुके यांत उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले सुमारे डझनभर वैमानिक त्या काही महिन्यांत मृत्युमुखी पडले.

यामागे शरीराची फसगत होती. विमान एकाच गतीने वळत राहिले की आतल्या कानातील द्रव स्थिरावतो आणि वैमानिकाला आपण सरळ जात आहोत असे वाटते; क्षितिज दिसत नसल्यास ही चूक उमगत नाही. याच सुमारास लिंक स्वतः धुक्यातून विमान चालवत नेवार्क येथे प्रात्यक्षिकासाठी उतरले. लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलर दराने सहा यंत्रे विकत घेतली.

सरावाची पद्धत

शिकाऊ वैमानिकाला झाकण बंद करून आत बसवले जाई. मेजापाशी बसलेला शिक्षक त्याच्या कानांवरील ध्वनियंत्रात रेडिओ-मार्गाचे संकेत पाठवी. मार्गाच्या एका बाजूस मोर्स लिपीतील ‘ए’, दुसऱ्या बाजूस ‘एन’, आणि नेमक्या मार्गावर दोन्ही मिसळून होणारा अखंड सूर, अशी ती पद्धत होती. केंद्राच्या थेट वर आवाज लोपत असे. तेथून घड्याळ व उंचीमापक पाहत खाली उतरायचे. शिक्षकाच्या मेजावर तीन चाकांचे एक लहान यंत्र नकाशावर शाईने विमानाचा मार्ग उमटवत जाई. त्याला ‘खेकडा’ म्हणत. विद्यार्थी कोठे भरकटला आणि कोणत्या क्षणी डोंगरावर आदळला असता, हे झाकण उघडल्यावर त्याला कागदावर पाहता येई.

दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली व दोस्त राष्ट्रांच्या सुमारे पाच लाख वैमानिकांनी त्यांवर सराव केला. युद्धापूर्वी जपाननेही ही यंत्रे घेतली होती.

सागरी संशोधन

१९५४ मध्ये कंपनी जनरल प्रिसिजन या उद्योगात विलीन झाल्यानंतर लिंक सागरतळाच्या संशोधनाकडे वळले. १९६४ मध्ये त्यांच्या प्रकल्पातील दोन पाणबुडे ४३२ फूट खोलीवर ४९ तास राहिले. ‘जॉन्सन सी लिंक’ ही लहान पाणबुडीही त्यांच्याच रचनेची. जून १९७३ मध्ये ती फ्लोरिडाजवळ बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. थंडीमुळे कर्बवायू शोषणारे रसायन निकामी होत गेले आणि आतील चौघांपैकी दोघे दगावले. त्यांत लिंक यांचा मुलगा क्लेटन होता. त्यानंतर लिंक यांनी अडकलेल्या पाणबुडीपर्यंत पोहोचू शकणारे, तारेने जोडलेले बचावयंत्र विकसित केले. १९८१ मध्ये बिंगहॅम्टन येथे त्यांचे निधन झाले. तेथील विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वारसा

संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटर १९८० च्या सुमारास घरोघरी पोहोचू लागला. त्याला आता वेगळी जोड-सॉफ्टवेअर मिळतात. अद्ययावत नकाशे, रेडिओ केंद्रे, बदलते हवामान आणि उड्डाणानंतर मार्ग दाखवणारी रेषा ती पुरवतात. ही रेषा म्हणजे खेकड्याच्या शाईचेच आधुनिक रूप होय. वसई-विरारमधील आगाशीसारख्या गावातला विद्यार्थीही ऐन पावसाळ्यातील ढगांतून मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे, साधारण तीन अंशांच्या उतारावरून, विमान आणण्याचा सराव यामुळे करू शकतो. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा सरावही त्यात येतो. मात्र घरच्या सरावाचे तास वैमानिक परवान्यासाठी धरले जात नाहीत, आणि घरची खुर्ची हलत नसल्याने आतल्या कानाची ती फसगतही अनुभवास येत नाही.