डॉ. रुस्तुम जाल वकील आणि सर्पगंधा

आमच्या लोंढ्याभोवती सह्याद्रीचे जे दाट व दमट रान पसरले आहे, तशा रानांत मोठ्या वृक्षांच्या सावलीला हात-दीड हात उंचीचे एक झुडूप वाढते. पेऱ्यापाशी बहुधा तीन-तीन पाने, पांढरट गुलाबी फुलांचे झुबके, त्यांचे देठ मात्र तांबडे, आणि फळे पिकली की जांभळट काळी. याचे नाव सर्पगंधा. पाना-फुलांपेक्षा त्याचे मूळ महत्त्वाचे असून ते अतिशय कडू असते. सर्पदंशावर, उन्मादावर व निद्रानाशावर हे मूळ देण्याची वहिवाट आपल्या देशात फार प्राचीन आहे. बिहारकडे तर त्याला वेडाचे औषध म्हणूनच ओळखत. पैकी सापाचे विष त्याने उतरत नाही, हे आज निश्चित ठाऊक आहे. परंतु उरलेल्या कीर्तीत सत्याचा अंश होता. तो अंश किती, आणि त्याची किंमत काय, हे मोजण्यात ज्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, त्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांची ही हकीकत आहे.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडन येथे वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. त्या काळी उच्च रक्तदाबावर गुणकारी म्हणता येईल असे औषध जगात कोठेच नव्हते. रोग्यास मीठ वर्ज्य करावे, झोपेच्या गोळ्या द्याव्या, फार झाले तर पाठीच्या कण्यालगतचे मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया करावी, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जगातले उत्तमोत्तम वैद्य उपलब्ध होते. तरी १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला, त्या वेळी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका चढलेला होता. राजा असो वा रंक, या व्याधीपुढे सारे सारखेच असहाय होते.

सर्पगंधेचा शोध डॉ. वकिलांनी लावला नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद व रक्तदाब या दोहोंवर उपयोगी पडते असे लिहिले होते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतील एकास हकीम अजमलखानांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. मग डॉ. वकिलांचे श्रेय ते कोणते? माझ्या मते ते त्यांच्या धीरात आहे. रक्तदाब ही मोठी लहरी वस्तू आहे. डॉक्टरला पाहूनच तो चढतो आणि नुसत्या विश्रांतीने उतरतो. म्हणून औषध दिले व दाब उतरला, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. डॉ. वकिलांनी पन्नास रोगी निवडले, त्यांस आधी औषधाविना न्याहाळले, पुन्हापुन्हा दाब मोजून नोंदविला आणि मगच मुळीच्या गोळ्या दिल्या. बहुसंख्यांचा दाब खाली आला. सुमारे दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १९४९ साली, त्यांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तो निबंध बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी हिंदुस्थानातून गोळ्या मागविल्या व स्वतः प्रयोग आरंभिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आले; त्यास रेसर्पीन असे नाव पडले. मग मात्र सर्वत्र एकच लगबग उडाली. मनोरुग्णालयांतूनही ते मुक्तहस्ताने दिले जाऊ लागले.

आणि येथेच गोष्टीची दुसरी बाजू उघडकीस येते. मज्जातंतूंच्या टोकांशी जी उत्तेजक द्रव्ये साठविलेली असतात, त्यांची कोठारे रेसर्पीन रिकामी करते. तंतूंची ओढ शिथिल झाली की रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, दाब उतरतो. परंतु कोठारे एका दिवसात रिकामी होत नाहीत आणि एका दिवसात भरतही नाहीत. औषधाचा पूर्ण गुण दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात, व ते बंद केल्यावरही परिणाम कित्येक दिवस रेंगाळतो. चार दिवसांत दाब उतरला नाही म्हणून उतावीळपणे मात्रा वाढविणारा मनुष्य पुढील महिन्याचे संकट आजच ओढवून घेत असतो. रिकामी होणारी कोठारे केवळ रक्तवाहिन्यांपाशीच असतात असेही नव्हे. मेंदूतलीही रिती होतात. नाक चोंदणे, सुस्ती, जुलाब, पोटातील आम्ल वाढणे हे उपद्रव त्या मानाने किरकोळ. मोठ्या मात्रेने काही रोग्यांस हातापायांचा कंप व ताठरपणा जडला. सर्वांत भयंकर म्हणजे हसतीखेळती माणसे हळूहळू खिन्न होऊ लागली. त्यांची झोप उडाली, कशातच गोडी उरेना, आणि काहींच्या मनात आत्मघाताचे विचार येऊ लागले. १९५४ च्या सुमारास अशा रोग्यांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागली. कित्येकदा ही खिन्नता महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर उद्भवे, त्यामुळे तिचा संबंध त्या इवल्याशा गोळीशी लावण्याचे घरच्यांना सुचत नसे.

अनुभवाने मात्रा उतरत गेली व पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी एवढ्यावर येऊन स्थिरावली. पूर्वी खिन्नतेचा विकार झालेल्यास किंवा पोटात व्रण असलेल्यास हे औषध देऊ नये, हृदयासाठी डिजिटॅलिस घेणाऱ्याची नाडी विशेष जपावी, शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्यास त्याची कल्पना द्यावी, असे दंडक पडले. रानात उगवलेले औषध निरुपद्रवीच असते असा आपल्याकडे एक दृढ समज आहे. म्हणून वाचकहो, एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. मुळीतील द्रव्याचे प्रमाण जमीन, ऋतू व झाडाचे वय यांप्रमाणे बदलते. घरी उगाळलेल्या मुळीत रेसर्पीन किती उतरले, हे उगाळणाऱ्यास कळण्याचा कोणताच मार्ग नाही. ज्या औषधाची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावी लागते, त्याचा अंदाज बोटाच्या पेराने कसा घ्यावा?

विज्ञानाची रीत मात्र अशी विलक्षण, की या उपद्रवांतूनही ज्ञान निपजले. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पीन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले, तेव्हा ते ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. कंपवातावरील आजच्या उपचाराचा उगम त्या प्रयोगांत आहे.

डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. कीर्ती मिळाल्यावरही त्यांनी नित्याचे काम सोडले नाही. डॉ. गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी रोगपरीक्षेवर लिहिलेले पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासिले. रोग्याकडे पाहावे कसे, नाडीवर बोट ठेवावे कसे, छाती ठोकून काय ऐकावे, हा त्याचा विषय. भारतीय वैद्यांच्या संघटनेने १९६९ साली वैद्यकाचा बृहद्‌ग्रंथ सिद्ध केला, त्याचे संपादनही त्यांच्याकडेच होते.

१९७४ साली ते निवर्तले. त्याच वर्षी रेसर्पीनमुळे स्त्रियांस स्तनाचा कर्करोग होतो अशी शंका इंग्लंड-अमेरिकेतील वैद्यांनी प्रकट केली आणि मोठी खळबळ उडाली. पुढील अधिक काटेकोर पाहण्यांत ती शंका टिकली नाही. ते संख्याशास्त्र तपासून पाहण्यास डॉ. वकील हयात असते, तर त्यांनी आधी किती रोगी, किती दिवस आणि कोणत्या मात्रेने, हेच विचारले असते असे मला वाटते. आज रक्तदाबावर अधिक सौम्य औषधे निघाली असून रेसर्पीन क्वचितच दिले जाते. मुळांसाठी झालेल्या बेसुमार खोदाईने सर्पगंधाही रानांतून दुर्मिळ झाली आहे, आणि तिच्या परदेशी व्यापारावर आता निर्बंध आहेत.