एक डोळा, एक गाठ आणि मांजर

कुलपे घडवणाऱ्याचा मुलगा आंरी पॅरिनो (१८४४–१९०५) पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या बोलावण्यावरून मज्जाविकाराच्या रुग्णांचे डोळे तपासत असे. फावल्या वेळात संगीत रचना, तीही टोपणनावाने! १८८९ मध्ये त्यांनी एक वेगळा आजार नोंदवला: एकच डोळा येतो, त्याच बाजूला कानापुढे गाठ सुजते. तो जनावरांकडून येतो, हे त्यांनी ओळखले. जंतू मात्र सापडला नाही. बार्टोनेला हेन्सेली हाती लागायला १९९०चे दशक उजाडले. मांजराच्या पिसवांची विष्ठा नखांत, तिथून ओरखड्यात किंवा चोळलेल्या डोळ्यात. विंचूरला धान्याच्या पोत्यांपाशी मांजर हवेच. पण अशी गाठ दिसली की आपल्याकडे आधी क्षयाची शंका येते. ती तपासावीच, मात्र घरात मांजर आहे हेही डॉक्टरांना सांगावे. रुग्ण नेमके तेच विसरतात.