अक्षरांचा राजा सेजोंग

दक्षिण कोरियाच्या सोल शहरात ग्वांगह्वामुन नावाचा मोठा चौक आहे. तिथे गेलात तर सिंहासनावर बसलेल्या राजाचा सोनेरी पुतळा दिसेल. त्याच्या हातात तलवार नाही, पुस्तक आहे. हा राजा सेजोंग. हांगुल दिनी, ९ ऑक्टोबर २००९ रोजी, या पुतळ्याचे अनावरण झाले.

सेजोंगचा जन्म १३९७ चा. १४१८ मध्ये तो गादीवर आला. त्या काळी कोरियात लिहिणं-वाचणं चिनी अक्षरांत चाले. ती अक्षरं हजारोंनी, शिकायला वर्षानुवर्षं लागायची. दिवसभर शेतात राबणाऱ्याला ती कुठून जमणार?

राजाने लोकांना अडाणी म्हणून दोष दिला नाही. त्याने लिपीच सोपी केली. १४४३ मध्ये २८ अक्षरांची नवी लिपी तयार झाली. गंमत बघा, मुलांना 'न' म्हणायला सांगा. जिभेचं टोक वर टेकतं ना? कोरियन 'न'चा आकार अगदी तसाच, जिभेवरून घेतलेला!

दरबारातल्या काही विद्वानांनी १४४४ मध्ये विरोध केला. पण राजा मागे हटला नाही. १४४६ मध्ये लिपी जाहीर झाली. १४५० मध्ये सेजोंग वारला. वरच्या वर्गात चिनी अक्षरांचा मान पुढेही बरीच शतकं टिकला, पण आज कोरियातलं लहान मूल याच लिपीत पहिलं अक्षर गिरवतं. साक्षरतेसाठी युनेस्को सेजोंगच्या नावाने पुरस्कारही देते.

तेव्हा वर्गात एखादं मूल वाचनात अडलं, तर त्याला 'ढ' म्हणण्याआधी आपली शिकवण्याची पद्धत बदलून बघूया. सेजोंगने तेच केलं होतं.